आजोबांचा जन्मदाखला: स्पेनमधल्या क्युबाची वाट

१ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. बार्सिलोना

बार्सिलोनाला आलेला मराठी माणूस पार्क ग्वेल बघितल्याशिवाय परतत नाही. वास्तुकार गाउदीच्या रंगीत फरशीतुकड्यांच्या बाकावर बसून फोटो होतात, सरड्याच्या कारंज्यापाशी रांग लागते. ज्याच्या नावाचं हे उद्यान, तो एउसेबी ग्वेल हा गाउदीचा आश्रयदाता, एवढं गाइड सांगतो. त्याचे वडील जोआन ग्वेल क्युबात व्यापार करून श्रीमंत झाले आणि मग इथे परतले, सासरे अंतोनिओ लोपेस यांनीही पहिली माया क्युबातल्या सान्तियागोतच जमवली, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. या खेपेला मला बघायचा होता तो हाच स्पेन, ज्याच्या भिंतींत क्युबाचा पैसा आहे आणि ज्याच्या रस्त्यांवर आज क्युबाची माणसं आहेत. माद्रिदला भाची नोकरी करते. तिच्याकडे पोचायच्या आधी कातालुन्यातली ही बाजू पाहून घ्यायची होती.

थोडा इतिहास आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. क्युबा १८९८ पर्यंत स्पेनची वसाहत होती. १९व्या शतकात जगाला साखर पुरवणारं ते सर्वात मोठं बेट होतं आणि ऊस तोडायला, चरकात घालायला आफ्रिकेतून गुलाम आणले जात होते. कातालान, आस्तुरियन, गालिसियन, कनारी बेटांवरचे असे स्पेनमधले हजारो गरीब तरुण नशीब काढायला तिकडे जात. वसाहत गेल्यावरही हा ओघ थांबला नाही, उलट १९३० पर्यंत लाखो माणसं गेली. फिदेल कास्त्रोचे वडीलही गालिसियातल्या लांकारा नावाच्या खेड्यातले. १९५९ च्या क्रांतीनंतर प्रवाह उलटा फिरला आणि आज स्पेनमध्ये क्युबात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसं राहतात.

दुपारी बंदराजवळच्या पोर्शोस द'एन शिफ्रे या इमारतीसमोर गेलो. लांबलचक कमानींचा व्हरांडा, त्याखाली १८३६ पासून चालू असलेलं एक प्रसिद्ध रेस्टॉरंट. शिफ्रे हा अरेन्स दे मार गावचा. क्युबात त्याने चामड्याचा आणि साखरेचा व्यापार केला आणि परतल्यावर तो बार्सिलोनातल्या सर्वात धनाढ्य माणसांपैकी एक झाला. स्पेनमधला पहिला फोटो १० नोव्हेंबर १८३९ रोजी याच चौकात काढला गेला, त्यात ही इमारत होती. कमानींवर भाजल्या मातीची उठावशिल्पं आहेत: जहाजं, व्यापार, समुद्रापलीकडची फळफळावळ. मी मान वर करून एकेक कमान बघत चाललो. खाली टेबलांवर भाताच्या पाएया येत होत्या. वर बघणारा मी एकटाच होतो.

जवळच्या चौकात अंतोनिओ लोपेसचा पुतळा होता. १८८४ मध्ये उभारला, १९३६ मध्ये लोकांनी पाडला, १९४४ मध्ये पुन्हा बसवला, आणि २०१८ मध्ये महापालिकेने क्रेन लावून कायमचा हलवला. लोपेस गुलामांच्या व्यापारात होता हा आरोप परक्यांनी केलेला नाही. १८८५ मध्ये त्याच्या सख्ख्या मेव्हण्यानेच पुस्तिका छापून तो जाहीरपणे केला होता. स्पेनने १८१७ मध्ये इंग्रजांशी करार करून १८२० पासून आफ्रिकेतला गुलामांचा व्यापार बंद करायचं कबूल केलं होतं. प्रत्यक्षात क्युबाच्या किनाऱ्यावर चोरून माणसं उतरवणं १८६०च्या दशकापर्यंत चाललं, आणि गुलामी कायद्याने संपली ती १८८६ मध्ये. या तारखा कागदावर वाचणं वेगळं आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या कमानीखाली सावलीला उभं राहणं वेगळं.

२ सप्टेंबर, शनिवार. बेगूर

एस्तासिओ देल नोर्द या स्थानकातून बस पकडली. कोस्ता ब्राव्हाच्या किनाऱ्यावर, पण समुद्रापासून थोडं वर टेकडीवर वसलेलं बेगूर. माथ्यावर किल्ल्याचे अवशेष, खाली पाइनच्या झाडीत लपलेल्या लहान लहान खाड्या. एके काळी हे गाव पोवळ्यांवर जगायचं. पोवळी काढायचा धंदा बसत गेला तशी इथली पोरं क्युबाच्या जहाजांवर चढू लागली. बहुतेक गेले ते तिकडचेच झाले. थोडे पैसा करून परतले आणि त्यांनी गावात वाडे बांधले. अशा परतलेल्या श्रीमंतांना स्पेनभर इंदियानो म्हणतात. घर इंदियानोचं आहे हे लांबून ओळखायची खूण म्हणजे दारातलं माडासारखं उंच ताडाचं झाड. बेगूरमध्ये १८६६ मध्ये बोनाव्हेंतुरा कानेर नावाच्या इंदियानोने बांधलेला वाडा आता हॉटेल झाला आहे. उंच खिडक्या, कमानींचा सज्जा, आत गारवा.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी इथे इंदियानोंची जत्रा भरते. सारं गाव पांढरं होतं. लिननचे पांढरे सदरे, पांढरे झगे, गवती टोप्या, हातात पंखे. चौकाचौकात सोन आणि बोलेरो ही क्युबन गाणी वाजत असतात. कॉफी, चॉकलेट, सिगार, मसाले, हाताने विणलेल्या टोपल्या यांची दुकानं गल्लीबोळांत लागलेली. म्हाताऱ्या बायका पोरींना साल्साच्या गिरक्या शिकवतायत. मला ही जत्रा आवडली, मनापासून आवडली. आपले पूर्वज गरिबीपायी परमुलखात गेले हे एखादं गाव इतक्या थाटात आठवतं, आणि ज्या मुलखाने त्यांना पोसलं त्याची गाणी वाजवतं, यात कृतज्ञता आहे.

पण दिवसभर फिरून एक गोष्ट टोचत राहिली. टोप्या होत्या, सिगार होते, रम होती, आणि ऊस तोडणारा माणूस मात्र कुठेच नव्हता. गुलामीच्या काळात सुमारे आठ लाख आफ्रिकी माणसं त्या एका बेटावर उतरवली गेली. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला ऊस म्हटला की गोडीच्या आधी फडात वाकलेली पाठ दिसते, कोयता दिसतो, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढणारी बाई दिसते. साखरेची संपत्ती मिरवायची आणि फडातल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, हे मला पटत नाही, मग ते बेगूर असो नाहीतर आमचं गाव.

संध्याकाळी वाजवून झाल्यावर एक तरुण वादक पायरीवर बसून वाद्य पुसत होता. तीन जोड तारांचं, गिटारपेक्षा लहान, त्रेस नावाचं. सोन या प्रकाराचा सारा जीव त्या वाद्यात असतो. तो ओल्गिनचा, बार्सिलोनात राहणारा. मी भारतातला, उसाच्या पट्ट्यातला, असं सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे यंदा हंगाम कसा झाला?" आमचे कारखाने, आमचे दर, त्यांचे कारखाने, असं बराच वेळ बोलत बसलो. त्याच्या गावाजवळचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला. त्या वर्षी सरकारने देशातल्या १५६ कारखान्यांपैकी जवळपास निम्मे एका झटक्यात बंद केले होते. "आता आमचा हंगाम म्हणजे हाच," तो म्हणाला, "जून ते सप्टेंबर. किनाऱ्यावरच्या जत्रा, लग्नं, हॉटेलं. हिवाळ्यात शिकवण्या."

३ सप्टेंबर, रविवार. कालेया दे पालाफ्रुजेल

सकाळी बेगूरहून खाली किनाऱ्यावर. पांढऱ्या कमानींचं कोळ्यांचं जुनं गाव, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. १९६७ पासून दर जुलैत इथल्या पोर्त बो या पुळणीवर हाबानेरांची मैफल होते. हाबानेरा म्हणजे हवानात घडलेला, संथ झोक्याचा गीतप्रकार. तो जहाजांबरोबर युरोपात आला, इरादिएर या बास्क संगीतकाराने तो गाजवला, आणि कातालान खलाशी तो ताव्हेर्नांमध्ये, म्हणजे गुत्त्यांत, गात राहिले. त्यातल्या पुष्कळ गाण्यांत क्युबाच्या युद्धात गेलेल्या मुलांचं दुःख आहे.

जुलै उलटून गेला होता, तरी एका ताव्हेर्नात चौघं म्हातारे गात होते. क्रेमात मागवला. मातीच्या पसरट भांड्यात रम, साखर, दालचिनी, लिंबाची साल आणि कॉफीचे दाणे घालून पेटवतात, निळी ज्योत बराच वेळ जळते, मग विझवून कपांत ओततात. ऐकायला मात्र एकही क्युबन नव्हता. दुपारच्या बसने बार्सिलोना.

४ सप्टेंबर, सोमवार. माद्रिद

सकाळच्या वेगवान गाडीने अडीच-पावणेतीन तासांत आतोचा स्थानक. भाचीने स्टेशनवरच सांगितलं, "मामा, समोरच्या आजींनी तुम्हाला कॉफीला बोलावलंय. नाही म्हणायचं नाही."

या आजींविषयी सविस्तर लिहायला हवं, कारण स्पेनमधल्या क्युबाची अर्धी गोष्ट मला त्यांच्या स्वयंपाकघरात कळली. वय ऐंशीच्या घरातलं, गाव सिएन्फुएगोस. तिथे शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांचे आजोबा आस्तुरियासचे. कोवळ्या वयात, लष्करी भरती चुकवून, हवानाला गेले, किराणा दुकानात पडेल ते काम केलं, दुकानातच मागच्या खोलीत झोपायचे. पुढे हवानातल्या आस्तुरियन मंडळींच्या सेंत्रो आस्तुरियानोचे सभासद झाले. ही संस्था म्हणजे निव्वळ क्लब नव्हता. दरमहा थोडी वर्गणी भरली की सभासदाला स्वतःचं इस्पितळ, शाळा, वाचनालय, नाचाचा हॉल, सगळं मिळायचं. गालिसियन लोकांचीही तशीच संस्था होती. गालिसियाचं राष्ट्रगीत पहिल्यांदा गायलं गेलं ते गालिसियात नव्हे, हवानात, १९०७ मध्ये. परदेशी गेलेली माणसं गावाला जास्त घट्ट धरून ठेवतात, हे आपल्यालाही माहीत आहे.

२००७ मध्ये स्पेनने कायदा केला की यादवी युद्ध आणि फ्रँकोची हुकूमशाही यांमुळे देश सोडावा लागलेल्यांच्या आणि इतर काही स्पॅनिशांच्या मुला-नातवंडांना नागरिकत्व मागता येईल. अर्जांची सर्वात लांब रांग हवानाच्या स्पॅनिश वकिलातीसमोर लागली. आजींनीही अर्ज केला. लागत होता आजोबांचा जन्मदाखला. स्पेनमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८७१ पासून आहे, पण यादवीत कित्येक ठिकाणची दप्तरं जळाली. तसं असेल तर चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची नोंद शोधावी लागते. आजींनी आस्तुरियातल्या त्या खेड्याच्या पाद्र्याला पत्र लिहिलं. उत्तर यायला सात महिने लागले. पाकिटात नोंदीची प्रत होती आणि पाद्र्याने आपल्या मनाने टाकलेला आजोबांच्या घराचा एक फोटो. घराचं छप्पर पडलेलं, पण भिंती उभ्या. तो फोटो त्यांनी फ्रेम करून फ्रिजवर ठेवलाय.

बोलता बोलता त्या कॉफी करत होत्या. मोका पात्रातून पहिले चार थेंब येताच ते एका पेल्यातल्या साखरेवर ओतले आणि चमच्याने फेटायला लागल्या. हात थांबत नव्हता. साखर आधी तपकिरी, मग फिकी, मग जवळजवळ दुधाळ झाली, चमचा उभा राहील इतकी घट्ट. मग उरलेली कॉफी त्यावर सोडली तशी सायीसारखी साखर वर तरंगली. "याला एस्पुमिता म्हणायचं. हे नसेल तर कॉफी कशाला?" क्युबात रेशनवर मिळणाऱ्या कॉफीत भाजलेल्या वाटाण्याची पूड मिसळलेली असते. त्या कॉफीलाही त्या अशीच साय आणायच्या, असं अभिमानाने सांगत होत्या.

नागरिकत्व घेऊन २०१० मध्ये त्या माद्रिदला आल्या, वयाच्या पासष्टीच्या सुमारास. रसायनशास्त्राची पदवी इथे मान्य करून घ्यायला जी कागदपत्रं लागतात त्यांच्या मागे लागण्याऐवजी त्यांनी म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचं काम धरलं. "मी ज्यांना आंघोळ घालायची त्या माझ्याहून लहान होत्या," त्या म्हणाल्या, आणि याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते मुलाचं. तो पंचेचाळिशीचा, हवानात. जुन्या कायद्यात सज्ञान मुलांना जागा नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये नवा कायदा आला, ज्याला सगळे नातवंडांचा कायदा म्हणतात. त्यात आजींसारख्यांच्या सज्ञान मुलांनाही अर्ज करायची सोय झाली. मुलाने अर्ज भरलाय, आता वकिलातीतून तारीख यायची वाट बघतोय.

५ सप्टेंबर, मंगळवार. माद्रिद

रेतिरो उद्यानात क्युबाचं स्मारक आहे. १९२९ मध्ये ठरलं, उभं राहायला १९५२ उजाडलं. मधे यादवी झाली, महायुद्ध झालं. वर क्युबाचं प्रतीक म्हणून बाईची मूर्ती, खाली कारंज्यात कासवं आणि इग्वाना. जिने १८९८ मध्ये युद्ध करून फारकत घेतली त्या वसाहतीचं इतकं लाडाचं स्मारक राजधानीच्या मधोमध असावं, यात स्पेनच्या मनाचा एक कोपरा दिसतो.

याच शहरात होसे मार्ती शिकला. क्युबाच्या स्वातंत्र्याचा हा शिल्पकार जन्माने स्पॅनिश शिपायाचा मुलगा. बाप व्हालेन्सियाचा, आई तेनेरीफेची. वसाहतीविरुद्ध लिहिलं म्हणून कोवळ्या वयात त्याला सक्तमजुरी झाली, घोट्यात बेडी घालून खाणीत राबवलं, मग १८७१ मध्ये स्पेनला हद्दपार केलं. त्याने माद्रिद आणि सारागोसा इथे कायदा आणि तत्त्वज्ञान शिकून घेतलं आणि १८९५ च्या युद्धात क्युबात जाऊन स्पॅनिश गोळ्यांना छाती दिली.

दुपारी सालामांका या उच्चभ्रू भागातून चालत गेलो. साठच्या दशकात सगळं गमावून आलेली, बहुतेक पैसेवाली आणि शिकलेली क्युबन कुटुंबं पहिल्यांदा माद्रिदला आली. त्यांना कास्त्रोचं नावही नको असतं. कवी गास्तोन बाकेरो १९५९ मध्ये आला आणि १९९७ मध्ये इथेच गेला, बेटावर त्याचं नाव कित्येक वर्षं छापलं जात नव्हतं. पुढच्या लाटेतला कादंबरीकार हेसुस दियास स्वतः क्रांतीच्या मांडवातून बाहेर पडलेला. त्याने १९९६ मध्ये माद्रिदहून एन्कुएन्त्रो नावाचं नियतकालिक काढलं आणि बेटावर राहणारे व बेट सोडलेले लेखक एकाच अंकात आणून बसवले. दोन्ही बाजूंनी त्याला शिव्या खाव्या लागल्या. क्युबन माणसाला क्युबन माणसाशी बोलायला परक्या शहरातलं टेबल लागावं, ही मोठी खंत आहे, पण ते टेबल मांडणाऱ्याचं ऋणही तेवढंच मोठं आहे.

६ सप्टेंबर, बुधवार. माद्रिद

केस कापायला भाचीने सांगितलेल्या क्युबन न्हाव्याकडे गेलो. माद्रिदमध्ये क्युबन लोकांचा असा एकच मोहल्ला नाही, ते शहरभर विखुरलेत. त्यामुळे अशी दुकानंच त्यांचे पार होतात. तीन खुर्च्या, भिंतीवर बेसबॉलच्या टोप्या, कोपऱ्यात डॉमिनोचं टेबल. त्या टेबलावरही वाद: हवानाकडची माणसं दुहेरी नऊपर्यंतच्या पंचावन्न सोंगट्यांनी खेळतात, सान्तियागोकडची दुहेरी सहापर्यंतच्या अठ्ठावीसांनी, स्पॅनिशांसारखी. इथे दोन्ही संच ठेवलेत, आधी आलेल्याची पद्धत चालते.

न्हावी तिशीतला, काळाभोर, मातान्सासचा. मातान्सास म्हणजे गुलामांच्या काळात उसाच्या मळ्यांचं आगर. ११ जुलै २०२१ रोजी क्युबाभर लोक रस्त्यावर उतरले त्यात तोही होता. त्याचा एक मित्र तुरुंगात गेला. त्यानंतरची पळापळ क्युबाने कधी पाहिली नव्हती. हजारो लोक निकाराग्वाला विमानाने जाऊन तिथून पायी अमेरिकेच्या सीमेवर गेले, काही रशिया आणि सर्बियामार्गे युरोपात शिरले. हा सर्बियामार्गे आला. माद्रिदला आश्रयाचा अर्ज केला, सहा महिन्यांनी कामाची परवानगी मिळाली. खिशातून त्याने आश्रय मागणाऱ्यांना मिळणारं लाल रंगाचं कार्ड काढून दाखवलं. कडा झिजलेल्या होत्या.

मी आजींच्या जन्मदाखल्याची गोष्ट सांगितली. कैची चालवत तो म्हणाला, "भाऊ, माझी खापरपणजी मळ्यावर जन्मली. नावापुढे मालकाचं आडनाव लावलं. ते आडनाव कातालान आहे, माझंही तेच आहे. पण आडनावावर पासपोर्ट मिळत नाही."

आरशात मी त्याच्याकडे बघत राहिलो. परवाच बेगूरच्या वाड्यांसमोर उभा होतो. ज्याने वाडा बांधला त्याच्या नातवाला दाखला आहे. ज्यांच्या राबण्यावर वाडा बांधला गेला त्यांच्या पणतवंडांकडे मालकाचं आडनाव आहे आणि लाल कार्ड आहे. कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. आजींसारख्या लाखो लोकांना त्याने दार उघडलं, आणि कायदेशीर वास्तव्य मिळालेल्या कुठल्याही क्युबनाला दोन वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, आपल्याला मात्र दहा वर्षं थांबावं लागतं. पण त्या पहिल्या कायदेशीर पायरीपर्यंत पोचायची सरळ वाट रक्ताच्या नात्यातून जाते, आणि हे नातं स्पेनला एकाच बाजूचं आठवतं. जत्रेत जे दिसलं नाही ते इथे, या खुर्चीत बसून दिसलं.

केस उत्तम कापले. मानेवर पावडर मारून त्याने मोबाइल पुढे केला. आई मातान्सासला, फोनचा रिचार्ज हा इथून करतो, आणि ऑनलाइन दुकानातून कोंबडी, तेल, तांदूळ यांचा संच विकत घेतो तो तिच्या दारात पोचतो. पैसे पाठवण्यापेक्षा हे बरं, कारण पैसे असले तरी तिथे मिळत काही नाही. साखरसुद्धा. एके काळी वर्षाला ऐंशी लाख टन साखर करणारा देश गेल्या हंगामात चार लाख टनांच्याही आत आला.

रात्री सोल चौकाजवळच्या ला नेग्रा तोमासामध्ये. खाण्याच्या यादीत रोपा व्हिएखा, म्हणजे दोरे दोरे सुटेपर्यंत शिजवलेलं गोमांस. मी ते न घेता काळा घेवडा घालून केलेला भात, दोनदा तळून मधे ठेचलेल्या कच्च्या केळ्याचे तोस्तोनेस आणि लसणाच्या आंबट रसातली युका घेतली. युका म्हणजे आपल्या साबुदाण्याचा मूळ कंद. अकरानंतर बँड सुरू झाला. दोन लाकडी काड्या, क्लावे, एकमेकींवर आपटत राहतात, आधी तीन ठोके, मग दोन. सगळं संगीत त्या पाच ठोक्यांना धरून चालतं. गर्दीत पर्यटक पुष्कळ होते, पण क्युबन कोण हे ओळखायला वेळ लागला नाही. ते नाचतानाही गाण्याचे शब्द बोलत होते.

७ सप्टेंबर, गुरुवार

पाऊस. भाचीची सुट्टी नव्हती. आजींनी दुपारी डॉमिनोत मला सलग हरवलं.

८ सप्टेंबर, शुक्रवार. माद्रिद

क्युबाची कुलस्वामिनी म्हणावी अशी ला कारिदाद देल कोब्रे, तिचा आज सण. १६१२ च्या सुमारास निपेच्या उपसागरात होडीतून मीठ आणायला निघालेल्या तिघांना तिची मूर्ती पाण्यावर तरंगताना दिसली अशी कथा आहे. दोघे तिथले मूळनिवासी भाऊ, तिसरा काळा मुलगा. सान्तियागोजवळ तांब्याच्या खाणीच्या गावी तिचं देऊळ झालं, आणि स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांनी मागणी केली म्हणून १९१६ मध्ये पोपने तिला देशाची रक्षणकर्ती ठरवलं. आफ्रिकेतून आलेल्यांनी तिच्यात आपली नदीची देवी ओशून पाहिली. पिवळा रंग, मध, सूर्यफुलं तिची.

संध्याकाळी आजींबरोबर मेट्रोने मिस्सेला निघालो. आजी पिवळ्या ब्लाउजमध्ये. समोर एक मुलगी बसली होती, डोक्यावरच्या फडक्यापासून मोज्यांपर्यंत पांढरीशुभ्र. आजींनी मला हळूच सांगितलं की ती इयावो आहे, ओशूनला मानणाऱ्या आफ्रिकी-क्युबन पंथात नुकतीच संताची दीक्षा घेतलेली. वर्षभर पांढऱ्याशिवाय काही घालायचं नाही, डोकं उघडं ठेवायचं नाही. बेगूरच्या गल्ल्या डोळ्यांपुढे आल्या. आजींनी तिच्याकडे बघून मान लववली, तिनेही लववली. आजी कट्टर कॅथलिक, रोजची जपमाळ न चुकवणाऱ्या. पण सूर्यफुलांची जुडी दोघींच्याही मांडीवर होती.

चर्च तुडुंब भरलेलं. सालामांकातल्या जुन्या कुटुंबांतले मोत्यांच्या माळा घातलेले आजी-आजोबा पुढच्या बाकांवर, गेल्या दोन वर्षांत आलेली पोरं मागे भिंतीला टेकून उभी. न्हावीही तिथे होता, इस्त्रीचा पिवळा शर्ट घालून. पाद्र्याने तुरुंगातल्यांसाठी प्रार्थना म्हटली तेव्हा पुढचे आणि मागचे एकाच आवाजात "आमेन" म्हणाले. मिस्सा संपल्यावर बाहेर फुटपाथवर पेरूच्या वडीचे पाव वाटले गेले, कुणीतरी बोंगो काढला, आणि पुढच्या बाकांवरच्या एका मोतीमाळवाल्या आजींनी न्हाव्याला हात धरून नाचायला ओढलं. आमच्या आजी मुलाला व्हिडिओ कॉल करून सगळं दाखवत होत्या. हवानात वीज नव्हती. पडद्यावर अंधारात फक्त त्याचा चेहरा, बॅटरीच्या उजेडात, आणि तो हसून सूर्यफुलं जवळून दाखव म्हणत होता.

९ सप्टेंबर, शनिवार. बाराखास विमानतळ

परतीचं विमान दुपारी होतं. हवानाच्या काउंटरसमोरची रांग बघायला मुद्दाम लवकर गेलो. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या बॅगा, पंखे, प्रेशर कुकर, टायर. जुलै २०२१ च्या निदर्शनांनंतर क्युबा सरकारने प्रवाशांना खाद्यपदार्थ, औषधं आणि स्वच्छतेच्या वस्तू करमुक्त आणायला परवानगी दिली, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रवासी म्हणजे चालतं औषधाचं दुकान झालाय. एक बाई जमिनीवर बसून बॅग रिकामी करत होती. वजन दोन किलो जास्त भरत होतं. दूध पावडर बाहेर, परत आत. रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिनच्या सुया, साखर मोजायचं यंत्र आतच राहिले. शेवटी कॉफीची चार पाकिटं काढून तिने सोडायला आलेल्या बहिणीच्या हातात दिली. बहीण म्हणाली, "आईला कॉफी नाही मिळाली तर ती बोलायची नाही तुझ्याशी." बाईने एक पाकीट परत घेतलं, हातातल्या पर्समध्ये कोंबलं आणि बॅग पुन्हा काट्यावर ठेवली. तेवीस किलो, नेमके.